वाजणारा पट्टा

डूख धरणं हे काही येरागबाळ्याचं काम नाही. रागवायला काय, कुणीही रागावतं. भांडं आपटतं, दार आपटतं आणि जेवायच्या वेळेला सगळं विसरून पानावर येऊन बसतं. छिन्नीचा राग तसला नव्हता. तिला लहानपणापासून छिन्नी म्हणायचे ते जिभेमुळे, पण जीभ म्हणजे नुसतं दर्शनी दुकान. खरा माल आत, पोटात. मुकादमाच्या नावाचा माल तर तिथं कैक वर्षं पडून होता आणि त्याला साधा गंजसुद्धा चढला नव्हता.

ती लेथ चालवायची, म्हणजे लोखंड फिरवून मापात कातायचं यंत्र. लेथ बापाची, दुकानही बापाचंच. बाप, म्हणजे अण्णा, गेले तेव्हा लोकांना वाटलं, पोरगी आता लेथ विकेल आणि लग्न करेल. तिनं दोन्ही केलं नाही. कुणी फारच खोदून विचारलं तर म्हणायची, "चांगल्या मापाचा मिळाला की करीन. इथं सगळेच कमी-जास्त."

घरात ती आणि तिचा थोरला भाऊ. दादा. हा दादा एके काळी लाकूड कापायच्या गिरणीत मोठ्या आऱ्यावर उभा असायचा. तुम्ही असली गिरणी पाहिली नसेल तर सांगते: एक जाडजूड पोलादी दांडा, त्याला म्हणायचं शाफ्ट. तो दोन बेअरिंगांवर आडवा ठेवलेला. एका टोकाला ताटाएवढा नव्हे, चांगला बैलगाडीच्या चाकाएवढा गोल आरा, दुसऱ्या टोकाला पुली, आणि पुलीवरून मोटरकडे गेलेला रुंद पट्टा. मोटर पट्टा ओढते, पट्टा पुली फिरवतो, शाफ्ट फिरतो, आरा लाकूड खातो. एवढंच.

दादाचा जोडीदार होता पैलवान. अंगानं काडी, म्हणून पैलवान. दोघं एका ताटात जेवायचे म्हणा ना. एका सकाळी शाफ्ट बेअरिंगपाशी मोडला, पुली मोडक्या तुकड्यासकट उडाली आणि पैलवानाच्या छातीवर बसली. पैलवान जागच्या जागी गेला.

तेव्हा गिरणीचा मुकादम सगळ्यांच्या देखत, पैलवानाची आई समोर बसलेली असताना, बोट दादाकडे करून म्हणाला, "गाठीचं लाकूड होतं. यानं घाईनं रेटलं. आरा अडकला, मोटर फिरतच राहिली, आणि शाफ्ट मधल्या मधे पिळून तुटला. शंभरदा सांगितलं होतं याला."

दादानं ते ऐकून घेतलं. दादा म्हणजे देवमाणूस, आणि देवमाणसासारखा मूर्ख दुसरा नाही असं छिन्नीचं मत होतं. कारण दादा घरी येऊन म्हणाला, "छिन्ने, मी जरा रेटलं होतं गं."

"जरा म्हणजे किती? रोज रेटतोस तेवढंच ना?"

"पण रेटलं होतं."

झालं. तेवढ्या एका 'जरा'वर त्यानं आख्खा माणूस आपल्या माथी घेतला. गिरणी सोडली. घरात बसून लोकांच्या करवतींना कानशीनं धार लावून द्यायला लागला. आणि दर आठवड्याला पैलवानाच्या आईच्या दारात सामानाची पिशवी घेऊन जायला लागला. म्हातारी दार उघडायची, त्याला बघायची, आणि दार लावून घ्यायची. तो पिशवी पायरीवर ठेवायचा आणि म्हणायचा, "मावशी, येतो." आतून कधी हूं नाही की चूं नाही. तरी याचं आपलं दर आठवड्याला "मावशी, येतो."

"कशाला जातोस तोंडावर दार आपटून घ्यायला?" छिन्नी खवळायची.

"एक दिवस आत बोलावेल," दादा म्हणायचा. "पाणी दे म्हणणार नाही मी. नुसतं आत ये म्हणाली तरी पुष्कळ झालं."

छिन्नीचा मुकादमावर संशय पहिल्या दिवसापासून होता. तिनं तेव्हाच विचारलं होतं, "मोडलेला तुकडा कुठाय? मला बघायचाय. अण्णांनी बनवलेला शाफ्ट आहे तो." मुकादम म्हणाला होता, भंगारात गेला. पुढं गिरणीच्या म्हाताऱ्या मालकानं सगळा कारभार मुकादमाच्याच हाती दिला आणि गिरणी त्याची झाल्यातच जमा झाली. नाव मात्र मुकादमच राहिलं. लहानपणी छिन्नी त्याला काका म्हणायची. त्या दिवसानंतर काका शब्द तिच्या तोंडून गेला तो गेलाच.

आणि मग एके दुपारी भंगारवाल्यानं दुकानासमोर हातगाडी लावली. कामाचा एखादा लोखंडी तुकडा सापडला तर ती त्याच्याकडून घ्यायची. उलथापालथ करताना तिच्या हाताला एक जड ठोकळा लागला. भुसा आणि ग्रीस यांचा थर बसून बसून दगडासारखा झालेला. तिनं टोकावरचा थर खरवडला आणि तिचा हात थांबला. टोकावर तीन ठिपके होते, चुलीच्या तीन दगडांसारखे. अण्णांची खूण. आपल्या हातचं काम बाहेर जाताना अण्णा पंच, म्हणजे टोकदार पोलादी खिळा, ठेवून हातोडीनं तीन ठोके मारायचे.

"कुठला माल हा?"

"कामगारांनी मुकादमाची मागची शेड साफ केली आज. जुनं मशीन परत चालू करतायत म्हणे."

शेडमध्ये होता! इतकी वर्षं तिथंच, भुशाखाली! भंगारात गेला म्हणे. छिन्नीनं तुकडा आत नेला, रॉकेलमध्ये फडकं भिजवलं आणि जिथून मोडला होता ते तोंड पुसून काढलं.

आता इथं जरा नीट ऐका, कारण सगळी गोष्ट या तोंडावर आहे. शाफ्टला दोन प्रकारचा त्रास असतो. एक पीळ. मोटर एका बाजूनं फिरवते, लाकूड दुसऱ्या बाजूनं अडवतं, मधला शाफ्ट ओला कपडा पिळावा तसा पिळला जातो. हा पीळ बिचारा सरळ असतो, एकाच दिशेचा. दुसरा त्रास वाकण्याचा. पट्टा पुलीला ओढतो, पुली शाफ्टच्या टोकाला खाली वाकवते. डोळ्याला दिसत नाही इतकंच. वाकलं की वरची बाजू ताणली जाते आणि खालची दाबली जाते. पण शाफ्ट तर फिरतोय! अर्ध्या फेऱ्यात वरची बाजू खाली येते. मघाशी ताणलेली होती ती आता दाबली गेली, पुन्हा अर्धा फेरा, पुन्हा ताणली. प्रत्येक फेऱ्याला हे असं, दिवसभर. हातानं तार मोडताना आपण काय करतो? इकडं वाकव, तिकडं वाकव. तेच. ताण जास्त असेल तर कातडीवर कुठंतरी केसाएवढी चीर पडते, बहुतेक जिथं जाडी बदलते त्या कोपऱ्यात, आणि ती चीर रोज थोडी थोडी आत सरकते. जिथं जिथं थांबून पुढं जाते तिथं तिथं रेघ ठेवून जाते.

छिन्नीच्या हातातल्या तोंडावर तशा रेघा होत्या. काठापासून आत, एकीच्या पुढं एक, झाडाच्या बुंध्यावर वयाची वर्तुळं असतात तशा. तोंडाचा बराच भाग घासून गुळगुळीत झालेला, आणि फक्त एका बाजूला बोटभर जागा खडबडीत, ताजी मोडलेली. म्हणजे पैलवान गेला त्या सकाळी शाफ्ट तेवढ्या बोटभर जागेवर लटकत होता. त्या दिवशी दादानं रेटलं असतं काय, नुसता शिंकला असता तरी तो मोडला असता.

आणि पिळून तुटला म्हणे! पुली शाफ्टवर घट्ट धरणारी पोलादी पाचर, तिला चावी म्हणतात, ती जिथं बसते ती लांब खाच त्या तुकड्यावर होती. एका झटक्यात पिळून तुटला असता तर ती खाच पोलादाबरोबर पिळवटून वळली असती. छिन्नीनं तिच्यावर पट्टी ठेवली. पट्टीखालून उजेडाची रेघसुद्धा जाईना इतकी सरळ.

मग वाकवलं कुणी? ते तर सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. मुकादमाचा पट्टा वाजायचा. ही त्याची मोठी फुशारकी. पट्टा सैल असला की घसरतो, घसरला की काम थांबतं, म्हणून तो मोटर मागं सरकवायचा बोल्ट लांब पाइप घालून आवळायचा, आणि मग पट्ट्यावर टिचकी मारायचा. धप्प आवाज आला तर आणखी आवळ. टण्ण वाजला की मिशीवरून हात. "वाजला पाहिजे! वाजला नाही तो पट्टा कसला?" अण्णांनी त्याला हटकलंही होतं. पण ऐकेल तो मुकादम कसला!

छिन्नीनं तुकडा फडक्यात गुंडाळला, बगलेत मारला आणि दादाकडं धावत निघाली. तिचे डोळे भरून आले होते, आणि डोळे भरणं हे तिच्या बाबतीत वर्षा-दोन वर्षांतून घडायचं. ती दुकानाच्या उंबऱ्यावर पोचली आणि समोर कोण? मुकादम.

तिनं तुकडा पाठीमागं पिंपात टाकला आणि वर पोतं ओढलं.

"काय पोरी, बरं आहे ना?" मुकादम आत येऊन स्टुलावर बसला. "जुनं मशीन चालू करतोय. अण्णांनी केला होता तसाच शाफ्ट पाहिजे. त्याच मापाचा. इतकी लांब लेथ तुझ्याशिवाय आहे कुणाकडं?"

"नमुना?"

"तो कधीच भंगारात गेला, सांगितलं होतं ना तेव्हा? मापं आहेत माझ्याकडं." आणि मग, जाता जाता, अगदी सहज: "दादा काय म्हणतो? अजून मनाला लावून घेतो का? सांग त्याला, झालं गेलं विसर. मी कधीच माफ केलंय त्याला."

मी कधीच माफ केलंय त्याला! हे वाक्य तो बोलला नसता ना, तर पुढचं काहीही घडलं नसतं. छिन्नी तुकडा घेऊन घरी गेली असती, दादानं बघितला असता, रडला असता, आणि गोष्ट तिथं संपली असती. पण चोर तो चोर आणि वर शिरजोर! तिच्या कानशिलात रक्त चढलं. ती गोड हसली. तिला हसताना बघून शहाणा माणूस पळून गेला असता.

"करून देते, मुकादम," ती म्हणाली. "असा करून देते की जन्मभर लक्षात राहील."

पोलाद आलं. लेथवर चढलं. आणि छिन्नीच्या मनात पहिला जो विचार आला तो चांगला नव्हता, हे सांगून टाकते. शाफ्ट जिथं जाड असतो तिथून बारीक होतो, तिथं आतला कोपरा पडतो. अण्णांनी पहिल्या दिवशी शिकवलं होतं: कोपरा कधी उभा ठेवायचा नाही, गोलावा द्यायचा, सगळा ताण येऊन कोपऱ्यातच बसतो. आता तिनं तो कोपरा चांगला टोकदार उभा ठेवला तर? माप बरोबर, चकाकी बरोबर, बघणाऱ्याला काही कळणार नाही. दोन-चार महिन्यांत मोडेल. तिनं हत्यार तसं घासूनसुद्धा आणलं.

मग तिनं ते हत्यार काढून ठेवलं. दया आली म्हणून नाही. पण मोडेल तेव्हा समोर उभा असेल तो कुणाचातरी दुसरा पैलवान असेल. शिवाय कोपरा उभा निघाला तर मुकादम म्हणेल, बघा, हिच्या हाताचा दोष. आणि त्याचं खरं असेल. नाही. त्याला फुकट सुटू द्यायचं नव्हतं. त्याला त्याच्याच हातानं पाडायचं होतं.

म्हणून तिनं आयुष्यातला सगळ्यात चांगला शाफ्ट बनवला. कोपऱ्याला असा गोलावा दिला की त्यावरून नख फिरवलं तरी अडायचं नाही. पॉलिश करून करून आरसा केला. टोकाला अण्णांचा पंच ठेवून तीन ठिपके मारले. आणि एक अट घातली. "पुलीभोवती जाड पत्र्याचा पिंजरा करून घ्या, चारी बाजूंनी. नाहीतर शाफ्ट देणार नाही. अण्णांच्या खुणेवर आणखी एक माणूस मेलेला मला चालणार नाही." मुकादमानं कुरकुर केली, पण लेथ दुसरीकडं कुठं होती? वेल्डरनं पिंजरा केला. छिन्नीनं स्वतः जाऊन त्याला लाथा मारून बघितल्या.

आणि मग मशीन चालू व्हायच्या दिवशी तिनं तिची खरी चाल खेळली. सगळे कामगार गोळा झालेले बघून ती मोठ्यानं म्हणाली, "मुकादम, पट्टा अंगठ्यानं दाबला की खाली गेला पाहिजे, एवढाच ताणायचा. वाजवायचा नाही. तुमच्या सवयीप्रमाणे वाजवलात तर हा शाफ्ट मोडणार. सगळ्यांसमोर सांगते, मागनं म्हणू नका सांगितलं नाही."

सगळे मुकादमाच्या तोंडाकडं बघायला लागले. मुकादम लाल झाला. "मला शिकवतेस? तुझ्या बापाच्या आधीपासून पट्टे ताणतोय मी!" आणि तिच्या डोळ्यांदेखत पाइप घातला, बोल्ट आवळला, टिचकी मारली. टण्ण. कामगार हसले. मिशीवरून हात.

हाच माणूस, त्याला बाजूला घेऊन, "काका, अण्णा म्हणायचे बघा" असं गोड बोलून सांगितलं असतं तर कदाचित त्यानं ऐकलं असतं. छिन्नीला ते पक्कं ठाऊक होतं. म्हणून तर चारचौघांत सांगितलं. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, पण खोडीला डिवचायला कुणीतरी लागतं.

घरी आल्यावर तिनं दादाला काही सांगितलं नाही. कसं सांगणार? दादाच्या पोटात काही राहत नाही. तो उठून सरळ मुकादमाकडं गेला असता, "पट्टा सैल करा हो, कुणाचा जीव जाईल" म्हणून हात जोडले असते, मुकादमानं पट्टा गुपचूप सैल केला असता, तुकडा लंपास केला असता, आणि सगळं मुसळ केरात. नाही, एकदा शाफ्ट मोडू दे. तो आणि हा, दोन्ही शेजारी ठेवीन आणि मग बोलेन. दादाला थोडी कळ काढू दे. इतकी वर्षं काढली, आणखी थोडी.

आणि तिची काय मजा सुरू झाली! रोज दुकान उघडायच्या आधी ती वाट वाकडी करून गिरणीवरून जायची. आत टण्ण वाजलं की तिला जेवल्यासारखं वाटायचं. प्रत्येक फेऱ्याला एकदा ताण, एकदा दाब. फिर रे बाबा, फिर. लेथवर दुसऱ्याच कुणाचं काम करतानाही ती मनातल्या मनात त्या शाफ्टच्या कोपऱ्यात जाऊन बसायची, चीर पडली का, किती आत गेली. एकदा तर हसू फुटलं तिला. समोरचं गिऱ्हाईक म्हणालं, "काय झालं?" ती म्हणाली, "काही नाही, एकाचं भलं चिंततेय."

असे महिने गेले. दादाचं चालूच होतं. पिशवी, पायरी, "मावशी, येतो." एका संध्याकाळी तो परत आला तो वेगळाच दिसला. म्हणाला, "आज दार लगेच नाही लावलं तिनं. बघत राहिली. मग लावलं."

छिन्नीच्या ओठावर आलं होतं. दुकानातलं पिंप, पोतं, तुकडा, सगळं ओठावर आलं. तिनं पाण्याचा तांब्या तोंडाला लावला आणि सगळं घशाखाली ढकललं. फळ पिकत आलंय, आता कशाला कच्चं तोडायचं?

पुढच्या आठवड्यात म्हातारी आजारी पडली. दादा रोज जायला लागला. दारात तिचा पुतण्या उभा असायचा. "तू नको येऊस. तिला त्रास होतो." दादा पायरीवरून परत यायचा. मग एके सकाळी कळलं, म्हातारी गेली. दादा तिला स्मशानात न्यायच्या वेळी गेला तर पुतण्या म्हणाला, "निदान आज तरी लाज बाळग." दादा गल्लीच्या कोपऱ्यावर, लोकांच्या मागं, चपला हातात घेऊन उभा राहिला. घरी येऊन त्यानं कानस उचलली आणि करवतीला धार लावत बसला. एकाच दाताला, कितीतरी वेळ.

छिन्नीनं ते उंबऱ्यातून बघितलं. पण तिनं तेही मुकादमाच्याच खात्यावर चढवलं. भर म्हणावं, आता हेही भर!

आणि शाफ्ट मोडला. भर दुपारी. आवाज एवढा मोठा की छिन्नीला दुकानात ऐकू आला. ती हातातलं काम तसंच टाकून उठली, पिंपातलं पोतं ओढलं, तुकडा खांद्यावर घेतला आणि चालत निघाली. धावली नाही. या दिवसाला धावत जायचं नव्हतं.

गिरणीच्या अंगणात सगळे गोळा झाले होते. पिंजऱ्याच्या पत्र्याला आतून हे एवढं पोक आलं होतं, पण पत्रा फुटला नव्हता. कुणाला खरचटलंसुद्धा नव्हतं. मुकादम मात्र आऱ्यावरच्या माणसावर ओरडत होता, आणि काय ओरडत होता? "गाठीचं लाकूड होतं! रेटलंस ना घाईनं? पिळून तोडलास! शंभरदा सांगितलं होतं!"

तेच. शब्दाला शब्द तेच. छिन्नीला वाटलं, याचे पाय धरावेत.

"दादाला बोलवा कुणीतरी," ती म्हणाली. एक जण पळाला.

मुकादमानं तिला बघितलं आणि मोर्चा वळवला. "ही बघा आली! कोपरा उभा ठेवला असणार हिनं! कच्चं काम!"

"काढा की बाहेर. बघू."

कामगारांनी पिंजरा उघडला आणि पुलीत अडकलेला तुकडा काढला. छिन्नीनं फडक्यानं पुसला. "गोलाव्यावरून नख फिरवा. प्रत्येकानं." एकेकानं फिरवलं. कुणाचं अडलं नाही. मग तिनं खांद्यावरचा तुकडा उतरवून त्याच्या शेजारी ठेवला, दोन्ही तोंडं वर. "हा अण्णांचा. पैलवानाला लागला तो. मुकादमांच्या शेडमधून निघाला, भुशाखालून. तीन ठिपके ओळखता ना? आता तोंडं बघा. तुम्ही लाकूडवाले आहात, वर्तुळं वाचता येतात तुम्हाला. हे एका दिवसात मोडलंय?"

सगळे वाकून बघायला लागले. दोन्ही तोंडं सख्ख्या भावंडांसारखी होती. काठापासून आत गेलेल्या रेघा, आणि शेवटी बोटभर खडबडीत जागा. तिनं दोन्ही खाचांवर पट्टी ठेवून दाखवली. "पिळून तुटला म्हणे. कुठाय पीळ? हे वाकून वाकून मेलेत दोन्ही. पट्टा कोण ताणतं इथं?"

आऱ्यावरचा माणूस, मघाशी शिव्या खाल्लेला, पुढं आला. "मुकादम ताणतात. दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाहीत. काल परत पाइप घातला होता."

"आणि मी काय सांगितलं होतं? सगळ्यांच्या देखत?"

"वाजवू नका, मोडेल," दोघं-तिघं एकदम म्हणाले.

मुकादम पुलीकडं बघत होता. छिन्नी त्याच्या अगदी जवळ गेली. "बोला. पैलवानाच्या आईसमोर बोट दाखवलं होतंत ना? आता दाखवा. कुणाकडं दाखवायचं?"

मग मुकादम म्हातारा दिसायला लागला, बघता बघता. "माझ्याकडं," तो म्हणाला. "मला तेव्हाच दिसल्या होत्या रेघा. म्हणून लपवला."

कामगारांपैकी एकानं हातातला हूक जमिनीवर टाकला. मग दुसऱ्यानं. एकेक करून सगळे मशीनपासून दूर झाले. छिन्नीचं काळीज असं सुपाएवढं झालं. इतक्या वर्षांचा माल आज बाजारात आला होता आणि काय भावानं गेला होता!

तेवढ्यात दादा आला. पैलवान गेला त्या दिवसानंतर त्यानं गिरणीच्या फाटकात पाय ठेवला नव्हता. लोकांनी वाट दिली. मुकादम दोन पावलं पुढं होऊन म्हणाला, "दादा, तुझा काही दोष नव्हता. माझं पाप होतं." दादानं त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही. तो खाली बसला आणि अण्णांच्या तुकड्यावरून अंगठा फिरवला, काठापासून आत, एकेका रेघेवरून, सावकाश. खडबडीत जागेपाशी अंगठा थांबला.

"बघ," छिन्नी म्हणाली. "बघ दादा, तू नाही. तू कधीच नव्हतास."

दादानं मान हलवली. त्याला कळलं होतं. मग त्यानं वर बघितलं. "हा तुला आज मिळाला?"

छिन्नी खोटं बोलू शकली असती. जीभ होती की तिच्याकडं, छिन्नीसारखी. पण नेमकी तेव्हा ती चालेना. "नाही."

"मग कधी?"

"हा नवा शाफ्ट करायच्या आधी."

दादा तिच्याकडं बघत राहिला. रागानं नाही. रागानं बघितलं असतं तर बरं झालं असतं. "म्हणजे तेव्हा म्हातारी होती," तो म्हणाला.

"दादा, मला वाटलं, एकदा हा मोडला की—"

"ती होती तेव्हा. दार उघडत होती."

त्यानं तुकडा उचलला, लेकरू उचलावं तसा, आणि फाटकातून बाहेर पडला. छिन्नी मागं धावली. "दादा! अरे थांब! मी तुझ्यासाठीच केलं ना सगळं!" लोक बघत होते. मुकादमही बघत होता. दादा थांबला नाही.

तो म्हाताऱ्या मावशीच्या गल्लीत गेला. दाराला कुलूप होतं. पायरीवर वाऱ्यानं आलेला पालापाचोळा साचला होता. त्यानं हातानं पायरी झाडली, जिथं पिशवी ठेवायचा तिथं तुकडा ठेवला, मोडलेलं तोंड दाराकडं करून, आणि उभा राहिला. छिन्नी गल्लीच्या कोपऱ्यावर थांबली. पुढं जायची तिची छाती झाली नाही. गिरणी बंद पडल्यामुळं सगळीकडं शांत होतं, त्यामुळं दादा हळू बोलला तरी तिला ऐकू आलं.

"मावशी," तो म्हणाला. "मी आलोय."